न्यू जर्सीत घर, न्यूयॉर्कमध्ये ऑफिस: स्टेट टॅक्सचा हिशेब

एडिसन, जर्सी सिटी किंवा प्लेन्सबरोला राहायचं आणि मॅनहॅटनला कामाला जायचं, तर स्टेट टॅक्स कुणाला भरायचा? दोन्ही राज्यांना. आधी न्यूयॉर्कचं रिटर्न, मग न्यू जर्सीचं, आणि याच क्रमाने. क्रम उलटा केला की आकडे चुकतात. का चुकतात ते कळायला दोन वेगळे नियम डोक्यात वेगळे ठेवावे लागतात.

पहिला नियम रहिवाशाचा. तुम्ही ज्या राज्याचे रेसिडेंट, ते राज्य तुमच्या सगळ्या उत्पन्नावर कर लावतं, मग ते न्यूयॉर्कमधून आलेलं असो, टेक्सासमधून किंवा पुण्याच्या बँकेतल्या एफडीतून. दुसरा नियम उगमाचा. ज्या राज्यात बसून काम केलं ते राज्य तेवढ्या पगारावर कर लावतं, तुम्ही झोपायला कुठेही जा. एकाच पगारावर दोन्ही राज्यांनी बोट ठेवलं की रेसिडेंट राज्य क्रेडिट देतं, म्हणजे दुसरीकडे लागलेला कर आपल्या करातून वजा करू देतं. हे क्रेडिट निव्वळ मेहेरबानी नव्हे. मेरीलँड विरुद्ध विन या 2015 च्या खटल्यात अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने 5 विरुद्ध 4 मतांनी सांगितलं, की रहिवाशाच्या बाहेरच्या उत्पन्नावर कर लावताना मेरीलँडने काउंटीच्या करापुरतं क्रेडिट नाकारणं घटनेत बसत नाही. पण क्रेडिटलाही मर्यादा आहे, आणि लोकांचे पैसे जातात ते त्या मर्यादेपाशी.

आकड्यांनी बघू

2025 चं वर्ष धरा. एकटी व्यक्ती, राहणार एडिसन, ऑफिस मॅनहॅटन. पगार 1,50,000 डॉलर आणि पुण्याच्या बँकेतल्या एनआरओ (अनिवासी भारतीयाच्या साध्या खात्यातल्या) ठेवींचं व्याज 10,000 डॉलर. इतर काही वजावट नाही असं समजू.

न्यूयॉर्कसाठी आयटी-203 भरायचा, म्हणजे नॉन-रेसिडेंटचं रिटर्न. अनेकांना वाटतं, न्यूयॉर्क फक्त दीड लाखावर कर काढेल. तसं होत नाही. न्यूयॉर्क आधी सगळे 1,60,000 धरून, तुम्ही तिथले रहिवासी असता तर किती कर झाला असता ते काढतं आणि मग न्यूयॉर्कच्या उत्पन्नाच्या प्रमाणात तो कमी करतं. म्हणजे व्याजावर न्यूयॉर्क कर लावत नाही, पण त्या व्याजामुळे पगारावरचा दर वर जाऊ शकतो. 1,60,000 मधून 8,000 स्टँडर्ड डिडक्शन गेलं, राहिले 1,52,000. डिडक्शनआधीचं उत्पन्न 1,57,650 च्या पुढे असलं की खालच्या टप्प्यांच्या कमी दरांचा फायदा न्यूयॉर्क काढून घेतं, त्यामुळे या पातळीवर सरसकट 6 टक्के लागतात: 9,120 डॉलर. त्याला 1,50,000 भागिले 1,60,000 ने गुणलं की न्यूयॉर्कचा कर 8,550.

आता एनजे-1040, म्हणजे न्यू जर्सीच्या रहिवाशाचं रिटर्न. न्यू जर्सीत स्टँडर्ड डिडक्शन नाही, फक्त 1,000 डॉलरची सूट. 1,59,000 वर कर होतो 8,002. त्यातून क्रेडिट घ्यायचं ते शेड्यूल एनजे-सीओजे भरून. दोन आकड्यांतला लहान आकडा मिळतो: एक, न्यूयॉर्कला प्रत्यक्ष लागलेला कर, 8,550, दोन, न्यू जर्सीच्या करातला दोन्हीकडे कर लागलेल्या उत्पन्नाचा वाटा, म्हणजे 8,002 च्या सोळातले पंधरा भाग, 7,502. लहान आकडा 7,502. न्यू जर्सीला द्यायचे उरले 500.

एकूण कर 9,050. न्यूयॉर्कला जास्तीचे गेलेले 1,048 डॉलर न्यू जर्सी परत करत नाही, पुढच्या वर्षावर ढकलूही देत नाही. हडसन नदी ओलांडण्याचा हा वार्षिक टोल समजा.

या गणितात सर्वात जास्त वेळा होणारी चूक अशी: क्रेडिटच्या रकान्यात डब्ल्यू-2 च्या (एम्प्लॉयर देतो त्या वार्षिक पगारपत्रकाच्या) बॉक्स 17 मधला आकडा लिहिला जातो. तो कर नव्हे, ती पगारातून कापलेली रक्कम. कापले असतील 9,400, पण आयटी-203 वर कर निघाला 8,550, तर क्रेडिटसाठी 8,550 च धरायचे. उरलेले न्यूयॉर्क परत करणार आहे, मग त्यावर न्यू जर्सी कशाला क्रेडिट देईल? म्हणून न्यूयॉर्कचं रिटर्न आधी पूर्ण करायचं. सॉफ्टवेअर वापरत असाल तर त्यातही नॉन-रेसिडेंट राज्य आधी तयार करा, रेसिडेंट राज्य शेवटी. दुसरी चूक म्हणजे क्रेडिटच्या अपूर्णांकात वर सगळंच उत्पन्न टाकणं. व्याज न्यूयॉर्कने करात धरलेलं नाही, ते वर येणार नाही.

डब्ल्यू-2 बघून घाबरणारेही असतात: बॉक्स 16 मध्ये न्यूयॉर्कसमोर पूर्ण पगार, खाली न्यू जर्सीसमोर पुन्हा पूर्ण पगार, बेरीज दुप्पट. हे बरोबर आहे. न्यूयॉर्कचं राज्य एम्प्लॉयरला तिथे पूर्ण फेडरल (केंद्राच्या करासाठीचा) पगारच लिहायला सांगतं, काम बाहेर झालं असलं तरी. न्यू जर्सीचा आकडा कधीकधी फेडरलपेक्षा मोठा दिसतो, कारण एचएसएत (औषधोपचाराच्या बचत खात्यात) टाकलेले पैसे आणि कॅफेटेरिया प्लॅनमधून (कंपनीच्या करपूर्व सवलतींच्या योजनेतून) कापलेले आरोग्यविम्याचे हप्ते न्यू जर्सी पगारातून वगळत नाही. 401(के), म्हणजे निवृत्तीच्या खात्यात टाकलेले पैसे, वगळते.

आणखी एक गोष्ट डब्ल्यू-2 मध्ये तपासायची. न्यूयॉर्क शहराचा स्वतंत्र इन्कम टॅक्स फक्त शहराच्या रहिवाशांना लागतो. बाहेरून येणाऱ्यांवरचा कर 1999 साली रद्द झाला. तरी पेरोलमध्ये पत्ता चुकीचा राहिला असेल तर बॉक्स 19 मध्ये शहराचा कर कापलेला दिसतो. तो आयटी-203 वर परत मागता येतो. पण वर्षभर पैसे अडकवण्यापेक्षा एचआरला आयटी-2104.1 भरून द्या, त्यात तुम्ही शहराचे रहिवासी नसल्याचं लिहिलेलं असतं. न्यूयॉर्क राज्यातल्याच याँकर्स शहरात ऑफिस असेल तर मात्र बाहेरच्यांनाही पगारावर अर्धा टक्का लागतो.

पुण्याच्या एफडीचं काय

वरच्या उदाहरणातले 500 डॉलर म्हणजे जवळजवळ सगळा कर त्या व्याजावरचा. त्या व्याजावर भारतात टीडीएस कापलेला असतो. फेडरल रिटर्नमध्ये फॉर्म 1116 भरून त्याचं क्रेडिट मिळतं. न्यू जर्सीत नाही. न्यू जर्सीचं क्रेडिट अमेरिकेतल्या इतर राज्यांना आणि त्यांच्या शहरांना भरलेल्या करापुरतं आहे; परदेशी सरकारला भरलेला कर तिथे चालत नाही. भारत-अमेरिका करारही इथे कामाला येत नाही. एनआरई (परदेशातल्या कमाईच्या खात्यातल्या) ठेवींचं आणि पीपीएफचं व्याज भारतात करमुक्त असतं म्हणून इथे दाखवायचं नाही, हा समज तर फारच पसरलेला आहे. फेडरललाही दाखवायचं आणि न्यू जर्सीलाही.

पुण्यातला फ्लॅट भाड्याने दिला असेल तर ते भाडंही. न्यू जर्सीची आणखी एक खोड: उत्पन्नाचे प्रकार ती वेगवेगळे ठेवते आणि एका प्रकारातला तोटा दुसऱ्यातून वजा होऊ देत नाही. शेअर्समध्ये झालेला तोटा फेडरलला 3,000 डॉलरपर्यंत पगारातून वजा होतो. न्यू जर्सीत एक डॉलरही नाही, आणि पुढच्या वर्षीही नेता येत नाही.

शिवाय ते 500 एप्रिलमध्ये भरले की झालं, असंही नाही. न्यू जर्सीला कापलेल्या रकमेनंतर आणि क्रेडिटनंतर 400 डॉलरपेक्षा जास्त देणं निघेल असा अंदाज असेल तर एनजे-1040-ईएस ने चार हप्त्यांत भरायला हवेत: 15 एप्रिल, 15 जून, 15 सप्टेंबर आणि पुढच्या वर्षी 15 जानेवारी. न्यूयॉर्कची कंपनी न्यू जर्सीसाठी बहुधा काही कापत नाही, कारण न्यूयॉर्कचीच कपात मोठी असते. त्यामुळे ज्यांच्याकडे ठेवी, भाडं, लाभांश किंवा जोडीदाराचा फ्रीलान्सचा व्यवसाय आहे, त्यांना पहिल्या वर्षी व्याज-दंडाची चिठ्ठी येते.

कंपनीने वर्षभरासाठी पुण्याला पाठवलं आणि जोडीदार-मुलं एडिसनच्या घरातच राहिली, तर प्रकरण आणखी महाग. न्यू जर्सीत डोमिसाइल (जिथे कायमचं परतायचं ते राज्य) असलेली व्यक्ती नॉन-रेसिडेंट ठरायला तिन्ही अटी पुऱ्या व्हाव्या लागतात: न्यू जर्सीत कायमचं घर नाही, बाहेर कायमचं घर आहे आणि वर्षात न्यू जर्सीत 30 पेक्षा जास्त दिवस घालवलेले नाहीत. एडिसनचं घर चालू असेल तर पहिलीच अट मोडते. मग पुण्यातला पगारही न्यू जर्सीच्या करात येतो. फेडरलची परदेशी कमाईची सूट न्यू जर्सी मानत नाही आणि भारतात भरलेल्या कराचं क्रेडिट देत नाही. परदेशी नेमणुकीचं पत्र सही करण्याआधी हा कर कोण भरणार, हे कंपनीकडून लिहून घ्यावं.

घरून काम केलेले दिवस

आता सर्वात वादाचा विषय. आठवड्यात दोन दिवस एडिसनच्या घरून काम केलं, तर तो पगार न्यू जर्सीत कमावलेला नाही का? न्यूयॉर्क म्हणतं, नाही. तुमचं नेमलेलं ऑफिस न्यूयॉर्कमध्ये असेल आणि घरून काम तुमच्या सोयीसाठी असेल, कंपनीच्या गरजेसाठी नसेल, तर तो दिवस न्यूयॉर्कचाच. 'कन्व्हीनियन्स ऑफ द एम्प्लॉयर' नावाने हा नियम ओळखला जातो. डेलावेअर आणि पेनसिल्व्हेनियातही असाच नियम आहे.

हा नियम न्यायालयात टिकलेला आहे. एडवर्ड झेलिन्स्की हे न्यूयॉर्कच्या कार्डोझो विधी महाविद्यालयातले प्राध्यापक, राहणार कनेक्टिकट. घरी बसून लेखन-संशोधन केलेल्या दिवसांचा पगार न्यूयॉर्कने करात धरला, ते लढले आणि 2003 मध्ये न्यूयॉर्कच्या सर्वोच्च न्यायालयात हरले. त्या न्यायालयाचं नाव कोर्ट ऑफ अपील्स. आयटीवाल्यांनी लक्षात ठेवावा असा खटला त्यानंतरचा, 2005 चा. थॉमस हकाबी हे टेनेसीत राहणारे प्रोग्रामर, एम्प्लॉयर न्यूयॉर्क शहरातल्या क्वीन्समध्ये. तीन-चतुर्थांश वेळ टेनेसीतल्या घरून काम. तरी न्यूयॉर्कने पूर्ण पगारावर कर लावला आणि न्यायालयाने 4 विरुद्ध 3 मतांनी तो मान्य केला. टेनेसीत पगारावर कर नाही, म्हणून क्रेडिट द्यायला तिथे कुणीच नव्हतं.

घरचं ऑफिस कंपनीचं खरंखुरं ऑफिस आहे असं दाखवता आलं तर सुटका होते. 2006 च्या परिपत्रकात न्यूयॉर्कने कसोटी दिली आहे: घराजवळ कामाला लागणारी अशी खास सुविधा असावी, जी न्यूयॉर्कच्या ऑफिसात देता येत नाही, नाहीतर सहा दुय्यम मुद्द्यांपैकी किमान चार आणि इतर दहांपैकी किमान तीन पूर्ण व्हावेत. दुय्यम मुद्द्यांत, घरून काम करणं ही नोकरीची लेखी अट आहे का, कंपनीने ऑफिसात तुम्हाला जागाच दिलेली नाही का, ग्राहकांना तुम्ही घरच्या ऑफिसात नियमित भेटता का, खर्च कंपनी देते का, असे प्रश्न आहेत. लॅपटॉप आणि व्हीपीएनवर चालणारी नोकरी यात बसणं कठीण. मॅनेजरने ईमेलवर 'मंगळवार-गुरुवार घरून केलं तरी चालेल' असं लिहिलं असेल, तर तो तुमच्या विरोधातलाच पुरावा. चालेल म्हणजे सोय झाली, गरज नव्हे.

नियमाचे शब्द राज्यात आणि राज्याबाहेर असं दोन्हीकडे काम करणाऱ्या नॉन-रेसिडेंटसाठी आहेत. म्हणून ज्याचं नेमलेलं ऑफिसच जर्सी सिटीत आहे, त्याचा हिशेब पूर्ण वेगळा: न्यूयॉर्कमध्ये जितके दिवस काम तितकाच पगार न्यूयॉर्कचा. कंपनीचं जर्सी सिटीतही ऑफिस असेल आणि तुम्ही खरंच तिथून काम करत असाल, तर एचआरच्या नोंदीत नेमणुकीचं ठिकाण बदलून घेणं हा घरच्या ऑफिसच्या कसोटीशी झुंजण्यापेक्षा सरळ मार्ग.

न्यू जर्सीने 2023 मध्ये उलटा डाव टाकला. 1 जानेवारी 2023 पासून लागू केलेल्या कायद्याने, ज्या राज्यांत असा नियम आहे त्यांच्या रहिवाशांना न्यू जर्सीही तोच नियम लावते. म्हणजे ब्रुकलिनमधून न्यू जर्सीच्या कंपनीचं काम करणाऱ्यांना आता न्यू जर्सीचा नॉन-रेसिडेंट रिटर्न, एनजे-1040एनआर, भरावा लागतो. त्याच कायद्यात एक गमतीशीर तरतूद आहे: न्यू जर्सीच्या रहिवाशाने दुसऱ्या राज्याच्या ट्रिब्युनलमध्ये किंवा न्यायालयात लढून 2020 ते 2023 या वर्षांचा कर परत मिळवला, तर त्यामुळे न्यू जर्सीला द्यावा लागणाऱ्या वाढीव कराच्या 50 टक्के इतकं क्रेडिट न्यू जर्सी देईल. राज्य आपल्या नागरिकाला शेजाऱ्याशी भांडायला पैसे देतंय!

दिवस मोजावेत का?

बाहेरच्या राज्यात ग्राहकाकडे जाऊन केलेलं काम मात्र न्यूयॉर्कबाहेरचं धरता येतं, कारण ती कंपनीची गरज आहे. हिशेब आयटी-203-बी च्या शेड्यूल ए मध्ये होतो. 365 मधून शनिवार-रविवार 104, सार्वजनिक सुट्ट्या 11, रजा 15, आजारपण 4 वजा केले की कामाचे 231 दिवस. त्यात 30 दिवस टेक्सासमधल्या डॅलसला ग्राहकाकडे गेले तर न्यूयॉर्कचे 201. पगारातले 1,30,519 डॉलर न्यूयॉर्कचे.

फायदा किती? न्यूयॉर्कचा कर 8,550 वरून 7,439 वर येतो. 1,111 डॉलर परत! पण न्यूयॉर्कचं उत्पन्न घटलं की न्यू जर्सीचं क्रेडिटही घटतं: 7,502 चे 6,528 होतात आणि न्यू जर्सीचं देणं 500 वरून 1,474. दोन्ही मिळून 8,913. वाचले 137 डॉलर.

एवढ्यासाठी विमानाची तिकिटं, हॉटेलची बिलं आणि एम्प्लॉयरचं पत्र तीन वर्षं जपायचं का, हे ज्याचं त्याने ठरवावं. प्रवास खराखुरा असेल तर आकडे खरे भरावेतच. पण न्यू जर्सीच्या रहिवाशाने दिवसांसाठी न्यूयॉर्कशी भांडण काढण्यात फारसं हशील नाही, कारण परत आलेला पैसा बहुतेक न्यू जर्सीच्या खिशात जातो. हेच 30 दिवस टेक्सास, फ्लोरिडा किंवा टेनेसीच्या रहिवाशाचे असतील तर पूर्ण 1,111 त्याचे. पगारावर कर नसलेली राज्यं नऊ: अलास्का, फ्लोरिडा, नेवाडा, न्यू हॅम्पशायर, साउथ डकोटा, टेनेसी, टेक्सास, वॉशिंग्टन आणि वायोमिंग. तिथल्या रहिवाशाने जानेवारीपासून कॅलेंडर ठेवलंच पाहिजे.

आरएसयू, म्हणजे कंपनीने पगाराचा भाग म्हणून देऊ केलेले शेअर्स, असतील तर मोजायची मुदत वेगळी. शेअर्स ज्या वर्षी हातात येतात त्या वर्षाचे दिवस धरायचे नाहीत. ग्रँटपासून (देऊ केल्यापासून) व्हेस्टपर्यंतच्या (हातात येईपर्यंतच्या) सगळ्या कामाच्या दिवसांपैकी राज्यात किती केले ते प्रमाण. कॅलिफोर्नियाही हेच प्रमाण वापरते. सांता क्लाराहून टेक्सासमधल्या ऑस्टिनला गेलेल्यांना दोन-तीन वर्षं कॅलिफोर्नियाचं नॉन-रेसिडेंट रिटर्न भरावं लागतं ते याच कारणाने.

184 दिवस आणि दुसरी खोली

दिवस खरोखर मोजायचे ते इथे. डोमिसाइल न्यू जर्सीत असूनही न्यूयॉर्क तुम्हाला पूर्ण रहिवासी ठरवू शकतं. दोन अटी एकदम पुऱ्या झाल्या की बस: न्यूयॉर्कमध्ये तुमच्याकडे राहण्याजोगी कायमची जागा वर्षातले दहा महिन्यांहून जास्त आहे, आणि वर्षात 183 पेक्षा जास्त दिवस तुम्ही न्यूयॉर्कमध्ये होता. दहा महिन्यांचा हा निकष 2022 पासूनचा, त्याआधी अकरा महिने होता. दिवस म्हणजे दिवसाचा कुठलाही भाग. मुक्काम लागत नाही. दुपारी तासाभरासाठी गेलात तरी एक दिवस. शनिवारी नाटकाला गेलात तरी एक दिवस. फक्त वाटेवरचा प्रवास, म्हणजे जेएफके विमानतळावर उतरून सरळ न्यू जर्सीला येणं, आणि रुग्णालयात दाखल असलेले दिवस वगळतात.

आठवड्याला चार-पाच दिवस ऑफिसला जाणाऱ्याची दिवसांची अट सहज ओलांडली जाते. म्हणजे तुम्हाला वाचवतं ते फक्त न्यूयॉर्कमध्ये जागा नसणं. उशिरा सुटणाऱ्या मीटिंगांसाठी मित्रासोबत क्वीन्समध्ये छोटा स्टुडिओ भाड्याने घेतला, आठवड्यातून दोन रात्री झोपायला, की तुम्ही न्यूयॉर्क राज्याचे रहिवासी, आणि स्टुडिओ शहरात असल्याने शहराचेही. शहराचा दर 3.078 ते 3.876 टक्के. पगारावर क्रेडिटने थोडंफार जुळतं, पण व्याज, लाभांश आणि शेअर्सच्या नफ्यावर दोन्ही राज्यं पूर्ण कर लावतात. अशा उत्पन्नाला कुठल्याच राज्याचा उगम नसतो, म्हणून न्यूयॉर्क त्यावर क्रेडिट देत नाही. टॅमाग्नी खटल्यात न्यूयॉर्कच्या कोर्ट ऑफ अपील्सने 1998 मध्ये न्यू जर्सीच्या रहिवाशाचा हा दुहेरी कर कायम ठेवला.

जागा नावावर आहे एवढ्याने मात्र अट पूर्ण होत नाही. जॉन गायेड न्यू जर्सीत राहायचे, व्यवसाय स्टेटन आयलंडवर. तिथेच त्यांनी घर घेतलं, आईवडील त्यात राहत. 2014 मध्ये कोर्ट ऑफ अपील्सने सांगितलं, की ती जागा करदात्याने स्वतः राहण्यासाठी वापरलेली असावी लागते. आईवडिलांसाठी न्यूयॉर्कमध्ये फ्लॅट घेणाऱ्यांना हा निकाल उपयोगी आहे. पण तिथे स्वतःचे कपडे, स्वतःची खोली आणि नियमित मुक्काम ठेवून हा निकाल दाखवता येणार नाही.

ऑडिट आलं तर 184 दिवस नव्हते हे सिद्ध करायची जबाबदारी तुमची. टोलचा ई-झेडपास, ऑफिसच्या कार्डाच्या नोंदी, फोनचं लोकेशन, क्रेडिट कार्डाचे व्यवहार, सगळं मागतात. कोरा दिवस, म्हणजे कुठलाच पुरावा नसलेला दिवस, न्यूयॉर्कच्या खात्यात जमा होऊ शकतो.

नदीच्या पलीकडे पेनसिल्व्हेनिया

पेनसिल्व्हेनियातल्या यार्डलीला राहून न्यू जर्सीतल्या प्रिन्स्टनला कामाला जाणाऱ्यांचं सोपं. न्यू जर्सी आणि पेनसिल्व्हेनियामध्ये परस्पर करार आहे: पगारावर फक्त राहत्या राज्याचा कर. न्यू जर्सीचा असा करार फक्त पेनसिल्व्हेनियाशी आहे, न्यूयॉर्कशी नाही. यार्डलीच्या रहिवाशाने एम्प्लॉयरला एनजे-165 भरून द्यायचा, उलट दिशेने जाणाऱ्याने पेनसिल्व्हेनियाचा आरईव्ही-419. पेनसिल्व्हेनियाचा दर 3.07 टक्के सरसकट, वर स्थानिक कर.

फॉर्म द्यायचं राहिलं आणि न्यू जर्सीने कापून घेतलं, तर एनजे-1040एनआर भरून ते पूर्ण परत मागायचे आणि पेनसिल्व्हेनियाला पूर्ण कर भरायचा. इथे लोक पेनसिल्व्हेनियाच्या रिटर्नवर क्रेडिट मागतात, ते नाकारलं जातं, कारण तो कर न्यू जर्सीला मुळात लागतच नव्हता. करार फक्त पगाराला लागू आहे. स्वतःच्या धंद्याच्या कमाईला नाही. आणि फिलाडेल्फिया शहराचा वेज टॅक्स (पगारावरचा कर) करारात येत नाही: न्यू जर्सीतल्या चेरी हिलहून फिलाडेल्फियाला जाणाऱ्याचे 1 जुलै 2025 पासून 3.43 टक्के कापले जातात. त्याचं क्रेडिट न्यू जर्सी देते, त्याच शेड्यूल एनजे-सीओजे वर.

असेच करार व्हर्जिनिया, मेरीलँड आणि वॉशिंग्टन डीसी यांच्यात आहेत, आणि इलिनॉयचे विस्कॉन्सिन, आयोवा, मिशिगन आणि केंटकीशी. कॅलिफोर्नियात काम करणाऱ्या ॲरिझोना, ओरेगन किंवा व्हर्जिनियाच्या रहिवाशांना क्रेडिट उलट्या बाजूने, म्हणजे कॅलिफोर्नियाच्या नॉन-रेसिडेंट रिटर्नवर मिळतं. तिथे आधी राहत्या राज्याचं रिटर्न तयार करायचं.

नवराबायको, बदली, आणि जुनी वर्षं

एक न्यूयॉर्कचा रहिवासी आणि दुसरी न्यू जर्सीची, असं लग्नानंतर पहिल्या वर्षी बऱ्याचदा होतं. फेडरल रिटर्न एकत्र भरलं तरी न्यूयॉर्कमध्ये वेगवेगळं भरता येतं. एकत्र भरायचं तर दोघांनी स्वतःला न्यूयॉर्कचे रहिवासी मानून घ्यावं लागतं, आणि मग दोघांचंही सगळं उत्पन्न न्यूयॉर्कच्या करात येतं. दोन्ही पर्यायांचे आकडे काढल्याशिवाय एकत्रवर टिक करू नका.

वर्षाच्या मध्यात राज्य बदललं तर दोन्हीकडे, जिथे कर असेल तिथे, अर्ध्या वर्षाचं रहिवासी रिटर्न. जुलैत एडिसनहून डॅलसला गेलात आणि सप्टेंबरात बोनस आला, तर न्यू जर्सीत केलेल्या कामाचा त्यातला वाटा न्यू जर्सीच्या करात राहतो. डॅलसला गेल्याचं दाखवताना नुसता नवा लायसन्स पुरत नाही. न्यूयॉर्कचे ऑडिटर डोमिसाइलसाठी पाच गोष्टी पाहतात: घर, कामधंदा, वेळ, जिवापाड जपलेल्या वस्तू आणि कुटुंब. देव्हारा आणि आजीचे दागिने कुठे आहेत हा प्रश्न त्यातल्या चौथ्यात बसतो.

न्यूयॉर्कचं रिटर्न भरलं असेल तर साधारण तीन वर्षांत ते वर्ष बंद होतं. नॉन-रेसिडेंट म्हणून भरायलाच हवं होतं आणि भरलंच नाही, तर ही मुदत सुरूच होत नाही. सात-आठ वर्षांपूर्वीचंही वर्ष उघडं राहतं. न्यू जर्सीकडून परतावा मागायला मात्र साधारणपणे रिटर्न भरल्यापासून तीन वर्षंच मिळतात. म्हणजे न्यूयॉर्कने उशिरा कर मागितला की तोवर न्यू जर्सीचं क्रेडिट घ्यायचं दार बंद झालेलं असू शकतं. न्यूयॉर्कची नोटीस हातात पडली की वाद संपायची वाट न बघता न्यू जर्सीची तारीख आधी तपासा आणि मुदत संपत आली असेल तर सुधारित रिटर्न लगेच भरा.